जिओहॉटस्टार: काही महिन्यांच्या वापरानंतरचा हिशेब

स्टार इंडिया (हॉटस्टार, स्टार प्रवाह) आणि व्हायकॉम१८ (जिओसिनेमा, कलर्स मराठी) यांचं विलीनीकरण १४ नोव्हेंबर २०२४ला पूर्ण झालं. १४ फेब्रुवारी २०२५ला जिओसिनेमा आणि डिस्ने+ हॉटस्टार एकत्र करून जिओहॉटस्टार आलं. ते महाग पडलं की स्वस्त, हे आधी तुमच्याकडे कोणतं ॲप होतं त्यावर ठरतं.

सुरुवातीचे वार्षिक दर हॉटस्टारचे जुनेच ठेवले: मोबाइल ४९९, सुपर ८९९, प्रीमियम १,४९९ रुपये. दोन्ही ॲपचे पैसे भरणाऱ्यांचे जिओसिनेमाचे महिन्याला २९, म्हणजे वर्षाचे ३४८ रुपये वाचले. नुसतं जिओसिनेमा असणाऱ्यांना मात्र चांगलाच फटका बसला. त्या २९ रुपयांत सिनेमे-मालिका जाहिरातींशिवाय दिसत, टीव्हीवरसुद्धा. आता जाहिराती नको असतील तर प्रीमियमच घ्यावं लागतं, म्हणजे सुरुवातीच्या दरानेही चौपटीहून जास्त. जिओसिनेमाच्या जुन्या ग्राहकांची उरलेली मुदत प्रीमियममध्ये वळवली, हे चांगलं केलं. खरा धक्का मुदत संपल्यावर बसतो.

प्लॅन निवडताना एक लक्षात ठेवा: थेट सामन्यांत जाहिराती प्रीमियमलाही दिसतात. क्रिकेट हेच मुख्य कारण असेल तर सुपर पुरे, त्यात एका वेळी दोन स्क्रीन चालतात. घरात चार जण वेगवेगळं बघत असतील किंवा फोर-के टीव्ही असेल, तरच प्रीमियम परवडतं. मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. हंगामापुरतंच हवं असेल तर रिचार्जसोबत मिळतंय का ते आधी बघा. जिओच्या १०० रुपयांच्या पॅकमध्ये ५ जीबी डेटा आणि ९० दिवसांचं सबस्क्रिप्शन होतं.

आयपीएल २०२३ आणि २०२४मध्ये जिओसिनेमावर फुकट होतं, ते दोन कंपन्यांच्या चढाओढीमुळे. २०२३-२७चे टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले होते, भारतातले डिजिटल हक्क व्हायकॉम१८ने २०,५०० कोटींना. दोन्ही कंपन्या एकाच सामन्याचे प्रेक्षक आणि जाहिरातदार आपल्याकडे ओढत होत्या. त्या एका घरात आल्यावर फुकट दाखवण्याचं कारणच उरलं नाही; २०२५मध्ये काही मिनिटांनंतर पैसे मागायला सुरुवात झाली. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने विलीनीकरणाला मंजुरी देताना क्रिकेटच्या टीव्ही आणि ओटीटी जाहिराती एकत्र बांधून विकायच्या नाहीत, ही हमी घेतली, पण ती जाहिरातदारांच्या कामाची. प्रेक्षकाच्या मासिक दराला तिचं संरक्षण नाही.

स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका एकाच ॲपवर मिळतात, ही मराठी प्रेक्षकाची मोठी सोय आहे. त्या बनवणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. वाहिनी निर्मात्याला भागामागे ठरलेली रक्कम देते, त्यातून निर्माता कलाकार, लेखक, तंत्रज्ञांचे पैसे भागवतो. कलाकाराचा मेहनताना बहुतेकदा दिवसावर ठरतो आणि हातात पडायला ९० दिवस लागतात. भागाचा दर आवळला की आधी चित्रीकरणाचे दिवस कमी होतात, मग बाहेरची लोकेशन्स जातात, मग संवादलेखकाचा सहायक. पूर्वी एका वाहिनीशी दरावरून बिनसलं तर निर्माता दुसरीचं दार ठोठवायचा. ही दोन दारं एकाच घराची झाली, तर पर्याय उरतात झी मराठी, सोनी मराठी, सन मराठी. झी आणि सोनी यांचं विलीनीकरण जानेवारी २०२४मध्ये फिसकटलं, हे या मंडळींच्या दृष्टीने बरंच झालं.

ॲप म्हणून जिओहॉटस्टार सोयीचं आहे आणि सुपरचे सुरुवातीचे ८९९ रुपये मला वाजवी वाटले. वार्षिक प्लॅन घेताना ऑटोपेमध्ये (खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या सोयीत) किती रकमेपर्यंत मंजुरी दिली आहे, तेवढं यूपीआय ॲपच्या मँडेट विभागात जाऊन तपासा.