पहिली वॉल डाइव्ह: बुनाकेन की सिपादान?

दोन्ही जागा सेलेबेस समुद्रातल्या, बुनाकेन इंडोनेशियात, सिपादान मलेशियात, दोन्हीकडे वॉल, म्हणजे पाण्याखालचा कडा, सरळ खाली जातो, आणि ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स, झाला की आपल्याकडचे बरेच जण याच दोन नावांत अडकतात. माझं मत आधीच सांगते, पहिलीच वॉल असेल तर बुनाकेन.

कारण वॉलवर खाली तळच नसतो. तारकर्लीला वाळू दिसते, तिथे टेकलं की थांबलात, इथे बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका खोलीवर तरंगत राहण्याचा तोल, सुटली तर बोलण्यात रमल्यासारखं 18 मीटरचे 30 कधी होतात कळत नाही, त्यामुळे नजर सारखी खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर हवी. बुनाकेनला लेकुआन या डाइव्हच्या जागेच्या भिंती अगदी उथळ रीफपासून सुरू होतात, म्हणजे 12-15 मीटरवर राहूनही स्पंज, सी फॅन, कपारीत झोपलेली कासवं सगळं दिसतं, आणि सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना थोडा वेळ थांबणं, तेसुद्धा भिंतीशेजारी करता येतो. करंट असतोच हां, कधीकधी खाली ओढणाराही, म्हणून गाइडच्या जवळ राहायचं आणि भिंत सोडायची नाही. जवळच्या मानाडो शहरातून बोटीने साधारण तासाभरात पोचता, बेटावर राहायची सोयही आहे. शेजारच्या मानाडो तुआ बेटापाशी 1998 मध्ये मच्छीमारांच्या जाळ्यात सीलाकँथ हा खोल पाण्यातला दुर्मिळ मासा सापडला होता, इतका खोल समुद्र किनाऱ्याला लागून आहे तिथे!

सिपादानचा थाट वेगळा. समुद्रतळापासून सुमारे 600 मीटर वर आलेलं बेट, बॅराकुडा पॉइंटला माशांचं अख्खं वादळ फिरतं, शार्क, हिरवी कासवं, सगळं मोठं मोठं. पण रोजची परमिटं मोजकी, बेटावरची रिसॉर्टं 2004 च्या शेवटी बंद झाली, त्यामुळे जवळच्या माबुल, कपालाई नाहीतर सेम्पोर्नाला राहून आपला नंबर येईल त्या दिवशी जायचं. बरेच ऑपरेटर ॲडव्हान्स्ड, म्हणजे ओपन वॉटरच्या पुढच्या कोर्सचं सर्टिफिकेट मागतात आणि ते बरोबरच आहे, तिथल्या करंटमध्ये नवख्याचं सगळं लक्ष स्वतःला सांभाळण्यातच जातं, मासे राहतात बाजूला.

ॲडव्हान्स्ड असाल, करंटची सवय असेल आणि मोठेच मासे बघायचे असतील तर मात्र सरळ सिपादान घ्या, फक्त परमिट किती दिवसांचं मिळतंय ते पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या. आणि परतीचं तिकीट कुठलंही असो, शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमान नको.