नेरुळ की घोडबंदर? धुकं, ओल आणि सकाळचे दोन तास

घर बघायला लोक रविवारी दुपारी येतात. एजंटही तीच वेळ देतो. त्या वेळी नवी मुंबईत नेरुळच्या पामबीच रस्त्यावर मस्त वारा सुटलेला असतो, ठाण्याचा घोडबंदर रस्ता कधी नव्हे तो मोकळा असतो, आणि दोन्हीकडच्या गॅलऱ्या सारख्याच देखण्या दिसतात. मग टोकन देऊन माणूस मोकळा होतो आणि जानेवारीत किंवा जुलैत आमच्यासारख्या जुन्या रहिवाशांना फोन करतो.

मी नेरुळला खाडीच्या बाजूला आठ वर्षं भाड्यानं राहिलो, गेली पाच वर्षं घोडबंदर रस्त्यावर वाघबीळला आहे. कुणी विचारलं की माझं एकच म्हणणं असतं. सकाळी साडेसहा ते साडेआठ हे दोन तास तुमचे कसे जाणार, त्यावर घर ठरवा. धुकं, पाणी, गाडी, शाळेची बस, मुलांचे न वाळलेले मोजे, सगळं त्या दोन तासांत अंगावर येतं. उरलेला दिवस दोन्हीकडे साधारण सारखाच जातो.

धुकं किती आणि धुरकं किती

'अगदी हिल स्टेशनसारखं धुकं' असं जाहिरातीत दोन्हीकडचे लोक म्हणतात. खरं धुकं, म्हणजे एक किलोमीटरच्या आतलंच जेमतेम दिसावं असं, डिसेंबर ते फेब्रुवारीत मोजक्याच सकाळी पडतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि खाली ओली जमीन असली की जमिनीलगतची हवा रात्रभर निवत जाते आणि तिच्यातली वाफ पहाटे थेंब होऊन तरंगत राहते. नेरुळला पामबीच आणि खाडी यांच्यामध्ये कांदळवन आणि खाजणाचा, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीचा, पट्टा आहे, त्यामुळे धुकं तिथे सपाट पसरतं. आम्ही अकराव्या मजल्यावर होतो. खाली रस्त्यावर गाड्यांचे दिवे तेवढे दिसत, आणि वर आमच्या गॅलरीत चक्क ऊन. घोडबंदरला पाठीशी येऊरचे डोंगर. रात्री उतारावरची गार हवा खाली सरकते, म्हणून ओवळा, गायमुखकडे धुकं डोंगराच्या घड्यांत अडकून बसतं आणि नेरुळपेक्षा जरा उशिरा उठतं. दिसायला हे धुकं जास्त सुंदर, यात वाद नाही.

पण तुम्हाला गॅलरीतून जे पांढरं दिसतं, त्यातलं बरंचसं धुरकं असतं. थंडीत वर उबदार आणि खाली गार हवा असा उलटा थर बसतो, भांड्यावर झाकण ठेवावं तसा, आणि धूळ-धूर खालीच कोंडतो. ओळखायची सोपी युक्ती आहे. सकाळी सातला गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवा. बोट ओलं झालं आणि नऊ-साडेनऊला सगळं विरलं तर धुकं. बोटाला राखाडी पूड लागली, डोळे चुरचुरले आणि अकरा वाजले तरी समोरची इमारत पुसटच दिसतेय, तर धुरकं.

धुरक्याच्या बाबतीत दोघांचीही बाजू घेण्यासारखी नाही. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा जवळ आहे, आणि थंडीतल्या रात्री वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो. वाशी, कोपरखैरणेकरांची रात्रीच्या रासायनिक वासाची तक्रार जुनी आहे. नेरुळला तो वास क्वचित, पण येतो. घोडबंदरला वास नाही, तिथे बांधकामाची धूळ आहे आणि उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांचा धूर. घरात दमेकरी असेल तर डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडे खिडक्या सकाळी बंदच ठेवाव्या लागतील.

गाडी

इथे हिशेब उलटासुलटा होतो. घोडबंदरला धुकं दिसतं छान, पण नोकरदाराचं नुकसान करणारं धुकं ते नव्हेच. ते पडतं कल्याणच्या पलीकडे, टिटवाळा-वासिंदला, नाहीतर बदलापूर-कर्जतच्या बाजूला. तिथे मोटरमनला सिग्नल नीट दिसत नाही, गाडी सावकाश येते, आणि सात चाळीसची फास्ट ठाण्याच्या फलाटावर आठ पाचला लागते, तीही दारापर्यंत भरून. धुकं वासिंदचं, लेटमार्क ठाणेकराला. नेरुळची हार्बर गाडी पनवेल-बेलापूरहून सुटते, तिच्या वाटेला हे फारसं येत नाही.

म्हणून हार्बर चांगली? थांबा. हार्बरला फास्ट लोकलच नाही. नेरुळहून सीएसएमटीला तासभर धरा, मधलं एकेक स्टेशन घेत. ठाण्याहून फास्टनं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पण ठाणे स्टेशन म्हणजे घोडबंदर नव्हे, हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. जाहिरातीत पत्ता 'ठाणे पश्चिम' असतो. वाघबीळहून स्टेशनला सकाळी सहाला वीस-पंचवीस मिनिटांत पोचतो. तोच प्रवास साडेआठला तासावर जाऊ शकतो, आणि गायमुखच्या चढावर एखादा ट्रक बंद पडला तर विचारूच नका. नेरुळला माझ्या घरापासून स्टेशन चालत बारा मिनिटं होतं. ती बारा मिनिटं धुक्यात चालत जाण्याची अजून आठवण येते. घोडबंदरच्या रिक्षातल्या तासाभराची येणार नाही.

वडाळा-कासारवडवली मेट्रो आणि तिचा गायमुखपर्यंतचा पुढचा तुकडा यांची घोडबंदरच्या टप्प्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चाचणी झाली. ती मार्गी लागली की वरचा परिच्छेद मला बदलावा लागेल. तरी घर घेताना आज जी गाडी फलाटावर येते तिचाच हिशेब करा.

नोकरी कुठे आहे त्यावर बाकीचं ठरतं. ऐरोली, महापे, तुर्भे असेल तर २००४ पासून ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल आहे, आणि नेरुळहूनही तीच. बोरिवली-अंधेरीला जाणाऱ्यानं नेरुळचा विचारही करू नये. दक्षिण मुंबईत स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्याला मात्र अटल सेतूनं (शिवडी ते न्हावाशेवा पूल, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, २१.८ किलोमीटर) नेरुळ खूप जवळ आणलं, टोल खिशाला लागतो तो वेगळा. आणि सारखं विमानानं फिरणाऱ्याला सांगायची गरज नाही, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत.

ओल

याबद्दल एजंट कधीच बोलत नाही, म्हणून मी जास्त बोलतो.

नेरुळच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला टेकवून आमचं लोखंडी कपाट होतं. दुसऱ्या पावसाळ्यात गणपतीच्या साफसफाईला ते पुढे ओढलं, तर मागे भिंतीवर माणसाच्या उंचीचा काळपट हिरवा डाग. कपाटाच्या पाठीला गंज चढून पापुद्रे सुटलेले. आत बायकोची लग्नातली पैठणी मलमलीत गुंडाळलेली होती; घडीच्या रेघेवर बारीक पांढरे ठिपके, जणू कुणी रवा भुरभुरला होता. ती साडी आईनं तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकली, ठिपके झटकले गेले, वास मात्र दिवाळीपर्यंत राहिला. तेव्हापासून कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, आत शून्याचा बल्ब आणि कापराच्या वड्या.

ही पावसाळ्याची ओल सगळ्या कोकणपट्टीला आहे. खाडीकाठी तिच्यात खार मिसळतो, हा फरक. मिठाला पाणी सुटतं, तांदळाचे दाणे टाकूनही सुटतं. एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल तिसऱ्या वर्षी गेली. मेकॅनिक म्हणाला, "खाडीची हवा आहे काका, नवीन बसवताना कोटिंग मारून घ्या." खिडकीच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग. नैर्ऋत्येच्या पावसाचा झोड थेट अंगावर घेणारी पश्चिमेची भिंत असेल तर घराचा दर काहीही असो, मी घेणार नाही.

घोडबंदरला माझ्याकडे ग्रिल पाच वर्षांत एकदाच रंगवलं. पण तिथे वेगळी गंमत आहे. डोंगर पश्चिमेला, त्यामुळे डोंगराकडे तोंड असलेल्या घरातून ऊन संध्याकाळी लवकर जातं. जुलैत ढग येऊरवरून हलतच नाहीत आणि कपडे तीन-तीन दिवस कुबट वास मारत दोरीवर लोंबतात. शिवाय घोडबंदर म्हणजे नुसता डोंगर नाही. कोलशेत, बाळकुमकडे सरकलात की तिथेही खाडीच आहे, आणि नेरुळचंच गाऱ्हाणं पुन्हा सुरू. मधल्या पट्ट्यातलं, पूर्वेचं ऊन घेणारं घर मला सगळ्यात कोरडं वाटलं.

पाणी तुंबण्याचं कारणही जाणून घ्या. नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग खाजणावर भराव घालून केलेला, काही ठिकाणी भरतीच्या पातळीच्याही खाली. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेनं धारण तलाव ठेवले: पावसाचं पाणी तिथे साठतं, भरतीला झडपा बंद, ओहोटीला पाणी खाडीत. योजना हुशारीची आहे. पण तलाव गाळानं भरत आले, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबरोबर मुसळधार पाऊस आला की पाण्याला जायला जागा राहत नाही. अशा तलावाजवळ घर असेल तर संध्याकाळचे डासही भाड्यातच धरा.

नळाचं पाणी

इथे नेरुळ सरळ जिंकतं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. वेगवेगळ्या यंत्रणांकडून मिळणाऱ्या पाण्यावर शहराची भिस्त, आणि घोडबंदरची लोकसंख्या त्या पाण्याच्या पुढे धावली. उन्हाळ्यात मोठमोठ्या संकुलांच्या दाराशी टँकरची रांग हे तिथलं नेहमीचं चित्र आहे. तरणतलाव असलेल्या सोसायटीत आंघोळीला अर्धीच बादली, असा अनुभव मी घेतलाय. मासिक देखभाल खर्चात टँकरचा वाटा किती, हे हिशेबात पाहिल्याशिवाय सही करू नका.

बाकीचं

शेजार दोन्हीकडे रंगतदार आहे. नेरुळला थंडी ते उन्हाळा खाडीत आणि आसपासच्या पाणथळींवर रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे. बेलापूरच्या दिवाळे गावात सकाळी लवकर गेलं तर ताजी कोलंबी, बोय, चिंबोरी मिळते, आणि 'शिळं नाही ना?' असं विचारलं तर कोळीणबाई जे उत्तर देईल ते ऐकण्यासारखं असतं. घोडबंदरला माकडं. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नसेल तर केळी त्यांची. बिबट्याची भीती नवखे लोक फार बाळगतात. २०१९ मध्ये एक ठाण्याच्या मॉलमध्येच शिरला होता हे खरं, पण पाच वर्षांत मी एकही पाहिलेला नाही. पाहिला असता तर आवडलं असतं.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट मोजावी लागते. नाटकाला, दिवाळी पहाटेला, पाडव्याच्या शोभायात्रेला ठाण्याची सर नाही. घाणेकर नाट्यगृह तर घोडबंदरकरांच्या हाकेच्या अंतरावर. नवी मुंबईत वाशीचं भावे नाट्यगृह आहे, पण तिथे प्रयोग संपला की शहर लगेच झोपायला जातं. माझ्या आईला हेच शांत वाटायचं.

सिडकोच्या हद्दीत जमीन बहुतेक भाडेपट्ट्याची असते. विकत घेणार असाल तर हस्तांतरणाची कागदपत्रं आणि शुल्क वकिलाकडून आधी समजून घ्या. भाड्यानं राहणाऱ्याला याची डोकेदुखी नाही.

तर कुणी काय घ्यावं? नोकरी हार्बरवर, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं, आणि दर दोन वर्षांनी ग्रिल रंगवायची तयारी: नेरुळ, पण स्टेशनला चालत जाता येईल असं आणि पश्चिमेची उघडी भिंत नसलेलं. नोकरी ठाणे, वागळे, मुलुंड किंवा बोरिवलीकडे, कामाच्या वेळा लवचिक, आणि डोंगर पाहिल्याशिवाय चहा जात नसेल तर घोडबंदर. ठाण्याहून रोज नऊची फास्ट पकडून फोर्टला जायचं असेल तर घोडबंदर नको. त्यापेक्षा स्टेशनजवळची जुनी, लिफ्ट नसलेली इमारत परवडली.

आणि घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. जानेवारीत जात असाल तर कामाच्या दिवशी सकाळी सातला जा आणि तिथून स्टेशनपर्यंत खरोखर जाऊन पाहा. पावसाळ्यात जात असाल तर उधाणाचा दिवस निवडा. नेरुळला मालकाची परवानगी घेऊन पश्चिमेकडचं एखादं कपाट ओढून मागे हात लावा. नवा रंग दिसला तर तो कधी दिला ते विचारा. घोडबंदरला खाली उतरल्यावर वॉचमनशी गप्पा मारा. टँकर येतो का, असं विचारलंत तर तो नाही म्हणेल. टँकर किती वाजता येतो, असं विचारा.