सीलबंद खोक्यातले मिग-२१

१४ डिसेंबर २०२५ रोजी, रविवारी सकाळी, सात आठवडे कपाटात जपून ठेवलेले एक खोके मी उघडले आणि ज्या विमानासाठी मी ७,८०० रुपये मोजले होते ते त्यात नव्हते. प्लॅस्टिकची प्रमाणबद्ध विमाने जोडण्याचा छंद असणाऱ्यांची संख्या आपल्याकडे थोडी आहे आणि त्यातले बहुतेक जण जुनी किटे, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांची खोकी, एकमेकांकडूनच घेतात, म्हणून हा अनुभव जसा घडला तसा सविस्तर लिहीत आहे. त्यात माझा मूर्खपणा जिथे जिथे आहे तिथे तो झाकलेला नाही.

माझे वडील नाशिकजवळच्या ओझरच्या मिग कारखान्यात फिटर होते. तिथे प्रथम बनलेल्या मिग-२१ एफएलला कारखान्यात आणि वायुदलातही ‘टाईप ७७’ म्हणत, आणि आमच्या घरात तर ‘सत्याहत्तर’ हा शब्द एखाद्या नातेवाइकाच्या नावासारखा उच्चारला जाई. १४ डिसेंबर १९७१ या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. श्रीनगरच्या धावपट्टीवर शत्रूच्या सेबर विमानांचा हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी तिथून आपले नॅट हे छोटे लढाऊ विमान उडवले आणि लढता लढता ते धारातीर्थी पडले. वायुदलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. त्याच दिवशी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटचा मारा केला. एका लाकडी पाटावर हे नॅट आणि हे मिग शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्ही १/७२ प्रमाणात, अशी माझी निवृत्तीनंतरची इच्छा होती. या प्रमाणात नॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत नऊ सेंटिमीटरांच्या किंचित पुढे आणि मिगचे दहाच्या किंचित आत भरतात, त्यामुळे पाटही मोठा लागणार नव्हता.

अडचण किटांची होती. आयात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले गेले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले; प्रमाणबद्ध प्रतिकृती सीमाशुल्काच्या वर्गवारीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, मग जोडणारा आठ वर्षांचा असो वा माझ्यासारखा बासष्ट वर्षांचा. परिणामी परदेशातून एक खोके मागवायचे तर किमतीपेक्षा वरचा खर्चच डोळ्यांत पाणी आणतो आणि माणूस आपसूक जुन्या संग्रहांकडे वळतो. त्यात २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला वायुदलाने निरोप दिला आणि त्यानंतरचे काही आठवडे ज्याला त्याला हेच विमान हवे होते. फसवणाऱ्याला याहून चांगला हंगाम मिळाला नसता.

विक्रेत्याची ओळख छंदातल्याच एका परिचिताच्या ओळखीतून, फोनवरच झाली. आपण नागपूरचे असून थोरला भाऊ परदेशी स्थायिक झाल्यामुळे त्याचा संग्रह हळूहळू विकत आहोत, असे त्याने सांगितले. मला तो पहिल्या दिवसापासून ‘काका’ म्हणत असे. मी प्रथम त्याच्याकडून नॅटचे किट १,४०० रुपयांना घेतले. ते पाच दिवसांत आले, उत्तम बांधलेले होते, आतले सगळे स्प्रू, म्हणजे भाग ज्यात अडकवलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, जागच्या जागी होत्या, आणि वर त्याने पातळ डिंकाची एक न उघडलेली बाटली भेट म्हणून घातली होती. तो सौदा खरा होता हे मी आजही मान्य करतो. पुढच्या सौद्यासाठी गुंतवलेले ते भांडवल होते, हे मात्र मला तेव्हा कळले नाही.

मिगविषयी बोलताना त्याने मला जे सांगितले त्याने माझा उरलासुरला संशय गेला. पीएफ आणि पीएफएम हे एफएलसारखेच मिग-२१चे प्रकार, आणि कॅनोपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण. “काका, पीएफएमच्या किटमधून सत्याहत्तर करायला जाऊ नका,” तो म्हणाला, “शेपटीचा उभा पंख रुंद, तो जुळेल, पण कॅनोपी चुकेल. पीएफएमची कॅनोपी उजवीकडे उघडते, एफएलची पीएफसारखी पुढच्या बिजागरीवर.” हे अचूक आहे. इतके बारकाईने जाणणारा माणूस लबाड असेल, हे माझ्या मनात आले नाही. जणू काही विमानाचे ज्ञान आणि सचोटी एकाच साच्यातून निघतात! त्याच्याकडे एका छोट्या युरोपीय कंपनीचे मर्यादित उत्पादनाचे, ‘कधीही न उघडलेले’ किट होते, त्यात भारतीय खुणांची डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची छापील चित्रे, होती, आणि सोबत रेझिनची आसने व धातूच्या पत्र्यातून कोरलेले बारीक भाग असा सगळा मिळून ७,८०० रुपयांचा व्यवहार ठरला.

आता इथे मी चार गोष्टी पाहिल्या आणि चारही सोडून दिल्या. खोक्याच्या सहाही बाजूंची छायाचित्रे त्याने लगेच पाठवली, पण आतल्या स्प्रूंची छायाचित्रे मागितल्यावर जी आली त्यात पाठीमागे हिरवी कापणी-चटई होती आणि प्रकाश अगदी स्टुडिओतला होता, जो खोक्याच्या छायाचित्रांत नव्हता. खोके कधीच उघडलेले नाही तर आतली छायाचित्रे काढली कशी, हा प्रश्न कोणत्याही शाळकरी मुलाला सुचला असता. मला तो सात आठवड्यांनी सुचला. ती छायाचित्रे एका परदेशी समीक्षेतली होती, हे चित्रावरून चित्र शोधण्याच्या सोयीने मला नंतर दोन मिनिटांत सापडले. पैसे भरायला त्याने जो क्यूआर कोड पाठवला त्यावर भलतेच नाव उमटले, तेव्हा ‘वहिनींचे खाते आहे, काका’ एवढे उत्तर मला पुरले. आणि पार्सल आले ते नागपूरहून नव्हे तर दुसऱ्याच राज्यातल्या गावाहून.

दिवाळी नुकतीच संपली होती. पार्सल सोडले तर खोके पारदर्शक श्रिंक रॅपमध्ये घट्ट गुंडाळलेले, खालच्या डाव्या कोपऱ्याला छायाचित्रात होता तसाच हलकासा पोचा. मी ते उघडले नाही. आमच्या छंदातली ही विचित्र रीत बाहेरच्या माणसाला समजावणे कठीण आहे: सील न तोडलेल्या खोक्याला एक मान असतो, पुढेमागे विकायची वेळ आली तर त्याला किंमतही जास्त येते, आणि जोडायला घेईपर्यंत ते तसेच राहू द्यावे असे वाटते. मी १४ डिसेंबरला श्रीगणेशा करायचा असे ठरवले आणि खोके कपाटात ठेवले. ज्या सीलला मी पुरावा समजत होतो ते कोणत्याही पॅकिंगच्या दुकानात मिळणाऱ्या फिल्मने आणि गरम हवेच्या गनने दहा मिनिटांत नव्याने घालता येते.

उघडल्यावर पहिल्यांदा हाताला लागले ते प्लॅस्टिक: फिकट राखाडी आणि ठिसूळ. मर्यादित उत्पादनाच्या किटमध्ये दोन अर्धे जुळवण्याच्या खुंट्या बहुधा नसतात, पत्र्यांच्या जोडरेषा कोरलेल्या असतात. इथे प्रत्येक भागाला जाड खुंट्या होत्या आणि जोडरेषा उठावाच्या होत्या, जशा कित्येक दशकांपूर्वीच्या साच्यांत असत. मग मी धडाचे दोन अर्धे एकत्र धरले. वडिलांचा व्हर्नियर कॅलिपर माझ्याकडे आहे. एफएलच्या नाकाचे हवा घेणारे तोंड १/७२ मध्ये बारा मिलिमीटर भरायला हवे, हे जेमतेम साडेनऊ होते. शेपटीचा उभा पंख अरुंद होता, आणि धडाच्या खालच्या बाजूला तोफेच्या नळीचा उंचवटा होता, जो बिनतोफेच्या एफएलला असण्याचे कारणच नाही. म्हणजे आतले विमान मिग-२१ एफ-१३, ज्याची मोजकी विमाने भारतात १९६३च्या सुमारास प्रथम आली होती, पण जे ओझरला कधी बनलेच नाही. वडील असते तर व्हर्नियर न लावताच त्यांनी ते बाजूला सारले असते. कुणीतरी चांगले किट काढून घेऊन त्याजागी बाजारातले सर्वांत स्वस्त जुने किट भरले होते, आणि वजन साधारण जुळावे म्हणून तळाशी पुठ्ठ्याचे दोन तुकडेही ठेवले होते.

डेकल्सची गोष्ट तर अधिक संतापजनक. कागद दिसायला बरा होता. मी एक गोल चिन्ह कापून कोमट पाण्यात टाकले आणि केशरी रंग पाण्यात धुरासारखा पसरला. ते घरगुती इंकजेट छपाईयंत्रावर छापलेले होते. या यंत्रांत पांढरी शाई नसते, त्यामुळे केशरी आणि हिरव्याच्या मधले पांढरे वर्तुळ तिथे मुळात नव्हतेच, फक्त कागदाचा पांढरेपणा दिसत होता. खऱ्या डेकलमध्ये पांढरा रंग छापलेला असतो आणि कागद तिरपा धरून बघितल्यास तो किंचित जाड दिसतो. हे मला माहीत होते. माहीत असून मी बघितले नाही, कारण बघण्यासाठी सील तोडावे लागले असते. रेझिनच्या आसनांच्या पुडीत आसने होती, पण ती कुठल्या विमानाची हे मला अजून ओळखता आलेले नाही.

मी त्याला फोन केला. तो चिडला नाही, घाबरलाही नाही. “काका, सात आठवड्यांनी तुम्ही खोके उघडता आणि मला सांगता की आत दुसरेच आहे. अदलाबदल तुम्हीच केली नाही, हे मी कशावरून मानू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि त्याला ते ठाऊक होते. पार्सल फोडतानाचे चित्रीकरण मी केले नव्हते, वजन केले नव्हते, कुरिअरची पावतीदेखील रद्दीत गेली होती. त्याच संध्याकाळी त्याचा क्रमांक बंद झाला.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही ती भरली. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत कळवले तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवण्याची शक्यता असते. माझी रक्कम ऑक्टोबरमध्येच त्या ‘वहिनींच्या’ खात्यातून पुढे गेली होती. पोलीस ठाण्यातल्या तरुण अंमलदाराने शांतपणे सगळे ऐकून घेतले. पूर्वीचे ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ मध्ये आले आहे, हेही त्याने समजावले, पण सील आणि स्प्रू यांच्यातला फरक त्याला सांगताना माझीच दमछाक झाली. तक्रार नोंद आहे, तिचा क्रमांक माझ्याकडे आहे, पैसे नाहीत.

त्यानंतर मी ओळखीच्या छंदवाल्यांना एकेक करून फोन केले. कोल्हापूरच्या एकाला हंटर विमानाच्या खोक्यात निम्मेच स्प्रू मिळाले होते आणि लाजेपोटी त्याने कुणाला सांगितले नव्हते. पुण्यातल्या दुसऱ्याचा पहिला छोटा सौदा माझ्यासारखाच निर्विघ्न पार पडला होता आणि पुढच्या मोठ्या सौद्याची बोलणी चालू होती. माझ्या सांगण्यावरून त्याने विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर सील तोडून प्रत्येक स्प्रू, कॅनोपी आणि डेकलचा कागद दाखवायला सांगितले, आणि उघडल्यामुळे किंमत घटते ती मी सोसतो असेही म्हटले. उत्तर आले नाही. मी स्वतः आता खोके उघडलेलेच मागतो, स्प्रूंशेजारी माझे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून छायाचित्र मागतो, बोलणाऱ्याच्या नावाचे खाते नसेल तर व्यवहार सोडून देतो, आणि पार्सल आल्याच्या दिवशी ते वजनकाट्यावर ठेवून, चित्रीकरण चालू ठेवून फोडतो. घरचे हसतात.

परवा पुण्याच्या त्या परिचिताने मला एक नवे छायाचित्र पाठवले. नाव वेगळे, फोन क्रमांक वेगळा, किंमत ८,५०० रुपये, ‘कधीही न उघडलेले’ मिग-२१. खोक्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला तोच पोचा आहे, आणि वरच्या पट्टीवर किमतीचे लेबल खरवडून काढल्याची तीच तिरपी खूण. ते खोके माझ्या कपाटात आहे, त्यात एफ-१३ आहे आणि सील मी स्वतः तोडलेले आहे. तेव्हा हे छायाचित्र कुणाला दाखवले गेले तर समोर विकायला काहीही नाही एवढे समजून घ्यावे.