एक जागा, दोन पोरं: आजचा फॉर्म घ्यावा की उद्याची वाढ?

बेळगावच्या टिळकवाडीतला माझ्याहून धाकटा एक दोस्त फुटबॉलचा छोटा संघ सांभाळतो. यंदा त्याच्याकडं जागा एकच रिकामी आहे आणि पोरं दोन. पहिला डाव्या बाजूचा विंगर, म्हणजे कडेनं धावत जाऊन हल्ला करणारा. वय एकोणीस, गोव्यातल्या एका क्लबच्या दुसऱ्या संघात वर्षभर करारावर होता. दुसरा मधल्या फळीत खेळतो. अठरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी, बेंगळुरूतल्या एका क्लबच्या युवा संघातून परतलेला. दोघंही खानापूर भागातले, दोघांचेही करार संपलेले. "अण्णा, तुम्ही बघालाय की दोघांस्नी. कुणाला घेऊ तेवढं सांगा," असं तो म्हणाला आणि मी वही काढली. दीड महिना दोघांच्या मागं फिरलो. लेले मैदान झालं, कॅम्पातलं सेंट पॉल्सचं मैदान झालं, दोनदा चोर्ला घाट उतरून गोव्यालाही जाऊन आलो. निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडच्या एखाद्या मंडळापुढं किंवा पोराच्या घरच्यांपुढं असाच प्रश्न उभा असेल, म्हणून जे दिसलं ते इथं मांडतोय.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. फॉर्म म्हणजे पोरगं गेल्या पाच-सहा सामन्यांत काय करतंय. कुवत म्हणजे दोन-तीन वर्षांनी, आजच्यापेक्षा वरच्या पातळीवर, ते काय करू शकेल. चहाच्या टपरीवर दोन्ही एका दमात बोललं जातं, "पोरगं लई भारी खेळालंय, मोठं होणार." यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्याचा पुरावा डोळ्यांसमोर असतो. दुसऱ्या अर्ध्याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो शोधायला सहसा कुणी बसत नाही.

विंगरपासून सुरुवात करतो, कारण बोलबाला त्याचाच आहे. पाच सामन्यांत सात गोल. वहीत बघितलं तर त्यातले तीन पेनल्टीवरचे. पेनल्टी ही कुठल्याही पातळीवर साधारण चारपैकी तीन आत जाते, म्हणून फॉर्म मोजताना ती बाजूला काढलेली बरी. राहिले चार. त्यातले दोन एकाच सामन्यात, समोरच्या संघाचा बचावपटू लाल कार्ड घेऊन बाहेर गेल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत. म्हणजे अकरा विरुद्ध अकरा खेळताना दोन गोल. विंगरसाठी हे वाईट मुळीच नाही, पण टपरीवरचे सात आणि हे दोन यांत फार अंतर आहे.

तरीही त्याचा फॉर्म खरा आहे असंच माझं मत, आणि ते गोलांवरून नाही. तो शॉट कुठून मारतो ते मी टिपत होतो. बहुतेक शॉट पेनल्टी बॉक्सच्या आतून, गोलच्या समोरून. लांबून हवेत मारून टाळ्या मिळवायचा मोह त्याला होत नाही. गोल कधी खांबाला लागून हुकतो, कधी गोलकीपरच्या चुकीनं मिळतो. चांगल्या जागी पुन्हापुन्हा पोचणं मात्र योगायोगानं होत नाही. शिवाय समोरच्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, अंगावर जाताना तो एकदा हरला तरी पुढच्या वेळी परत जातो. गोव्याच्या सामन्यात पहिल्या चार वेळा चेंडू हिसकावून घेतला गेला, पाचव्या वेळी तो बाहेरून निसटला आणि क्रॉस आला. एकोणीसच्या वयात हा धीर मोलाचा आहे.

खटकलं ते एकच. सत्तर मिनिटांनंतर तो मांडीच्या मागच्या बाजूला हात लावतो. तीन सामन्यांत दिसलं. विचारल्यावर "काय नाही, कडक झालंय" एवढंच म्हणाला. वेगावर जगणाऱ्या खेळाडूची ही जागा दुखत असेल तर घेणाऱ्यानं फिजिओला दाखवूनच पुढं जावं.

आता मधला. पाच सामन्यांत गोल शून्य. त्यातही तीन वेळा बदली म्हणून आलेला, सगळी मिळून जेमतेम १९० मिनिटं. विंगरची ४०० च्या वर आहेत. नुसत्या आकड्यांवर दोघांना शेजारी ठेवलं तर या पोराचं नाव कुणी घेणार नाही. म्हणून एका सामन्यात मी पंधरा मिनिटं चेंडू सोडला आणि फक्त त्यालाच बघितलं.

पाऊस झालेला, लाल मातीचा चिखल घोट्यापर्यंत. राइट बॅक त्याला पास देणार होता आणि त्याची पाठ समोरच्या गोलकडं होती. पास सुटण्याआधी त्यानं मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, मग परत चेंडूवर. मागून त्यांचा धिप्पाड मिडफिल्डर धावत येत होता. यानं चेंडू थांबवलाच नाही, लांबच्या पायाच्या बाहेरच्या कडेनं हलका टच दिला आणि अंग वळवलं. धावत आलेला गडी रिकाम्या जागेतून पुढं घसरत गेला. दोन पावलांत समोर मोकळं मैदान, आणि पास गेला डाव्या बाजूला धावणाऱ्याच्या पुढ्यात, पायात नव्हे. त्यातून गोल झाला नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. पंधरा मिनिटांत नऊ वेळा त्याला पास मिळाला, त्यातल्या आठ वेळा त्यानं आधी मान वळवून बघितलं होतं.

नॉर्वेतले अभ्यासक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांवर वर्षानुवर्षं हेच मोजलं: पास मिळण्याआधी खेळाडू किती वेळा आजूबाजूला बघतो. जास्त बघणाऱ्यांचे पुढचे पास जास्त अचूक निघतात, असं त्यांना आढळलं. हे बघायला कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर लागत नाही. बांधावर उभं राहून कुणालाही मोजता येतं. मुख्य म्हणजे समोरचा संघ कमकुवत म्हणून ही सवय खोटी फुगत नाही. वरच्या पातळीवर वेळ कमी मिळतो तेव्हा हीच सवय उपयोगी पडते, आणि ती वीस-बाविसाव्या वर्षी नव्यानं लावणं फार अवघड जातं.

त्याची उणीव अंगाची. बारीक आहे, खांदा लागला की बाजूला फेकला जातो. बेंगळुरूत त्याला पुढचा करार मिळाला नाही त्याचं कारण हेच दिलं, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं. इथं वयाचा मुद्दा येतो, आणि आपल्या भागात तो जपून बघावा लागतो.

कागद उघडला की जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहून टाकलेल्या १ जूनच्या तारखा बेळगाव, कोल्हापूर पट्ट्यात घरोघरी सापडतात. म्हणून आईला विचारावं, पाऊस होता का, सण कुठला होता, थोरल्या भावात अंतर किती. विंगरच्या कागदावर १ जून आहे. मधल्याची नोंद दवाखान्यातली, डिसेंबरची. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होते, त्यामुळं जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच गटात खेळतं, दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असून. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ते वर्ष फार मोठं असतं. मुलांची उंची साधारण चौदाच्या आसपास सर्वांत वेगानं वाढते, पण काहींची दोन वर्षं उशिरा. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, त्यात कौशल्यापेक्षा अंगाची निवड बरीच असते. वय चोरणं रोखायला आपल्या फुटबॉल महासंघाच्या युवा स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. पण अठराच्या पुढं हाडं जुळून आल्यावर ती तपासणी फारसं सांगत नाही. म्हणजे एकोणीसच्या विंगरचं वय खरं किती, हे आता आईच सांगू शकेल.

अंग भरेल का, हा प्रश्न तरी उरतोच. इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डी, त्याला शेफील्ड वेन्सडे या क्लबनं सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं. त्यानंतर तो कितीतरी खालच्या लीगमध्ये खेळला, लेस्टरकडं आला २०१२ साली, पंचविसाव्या वर्षी, आणि २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला. पण वार्डी एक आहे आणि सोडून दिलेली पोरं हजारो. त्याचं नाव सांगून कुठल्याही बारक्या पोराला आशा लावणं बरोबर नाही. मधल्याच्या घरी जाऊन आलो तेव्हा त्याचे वडील आणि थोरला भाऊ दोघंही सहा फुटांच्या जवळ. माझा भरवसा त्या घरच्या उंचीवर आहे.

फॉर्म आणि कुवत शेजारी ठेवायला मला स्पेनच्या दोन खेळाडूंची जोडी नेहमी आठवते. आन्सू फातीचा जन्म ३१ ऑक्टोबर २००२, पेद्रीचा २५ नोव्हेंबर २००२. महिन्याचंही अंतर नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये फाती सोळाव्या वर्षी बार्सिलोनाच्या मुख्य संघात आला आणि लगेच गोल करू लागला. त्याच मोसमात पेद्री स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत लास पाल्माससाठी खेळत होता. त्याआधी रिआल माद्रिदनं ट्रायल घेऊन त्याला परत पाठवलं होतं. त्या वेळी दोघांतला एक निवडा म्हटलं असतं तर जगातल्या बहुतेकांनी फातीचं नाव घेतलं असतं, मीसुद्धा. पुढं २०२० च्या नोव्हेंबरात फातीच्या गुडघ्यातल्या मेनिस्कसला, म्हणजे कूर्चेच्या गादीला, इजा झाली, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, मेस्सीनंतरची दहा नंबरची जर्सी मिळूनही तो वेग परत आला नाही. पेद्री २०२१ मध्ये युरोपातला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून गोल्डन बॉय ठरला. त्यालाही मांडीच्या दुखण्यांनी वर्षं खाल्ली, पण त्याचा खेळ बघण्यावर आणि पासवर उभा असल्यानं तो परत आला की तसाच खेळतो. फातीची चूक काहीच नव्हती. त्याच्या इजेचं मला आजही वाईट वाटतं. पण वेगावर उभी असलेली कुवत इजेपुढं जास्त उघडी असते, आणि आपल्या विंगरच्या मांडीकडं बघताना हे डोक्यात ठेवायला हवं.

ट्रायलवर विसंबू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. एका सकाळी अनोळखी पोरांबरोबर वीस मिनिटं खेळवलं की चमकतो तो वेगवान आणि तगडा. मोबाइलवर येणारे कापून जोडलेले व्हिडिओ तर सोडूनच द्या, त्यात हुकलेला एकही पास नसतो. किमान तीन पूर्ण सामने बघा, त्यातला एक बाहेरगावचा आणि एक हरलेला असावा. निकालावरून पोरांना मोजलं की काय होतं ते २०१७ ला आपण बघितलं. भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला संघ तिन्ही सामने हरला, गोल एकच, कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता म्हणून इकडंही घरोघरी टीव्ही लागले होते. निकाल बघून अनेकांनी त्या पोरांचा विषय संपवला. पण जीक्सन, सुरेश वांगजम, अन्वर अली पुढं देशाच्या मुख्य संघात खेळले.

चूक झाल्यावरचं वागणंही दोघांचं टिपलं. विंगर चेंडू गेला की दोन्ही हात वर करून थांबतो, चार-पाच सेकंद. मधला चेंडू गमावला की आधी मागं पळतो, मग मान खाली घालतो. यातलं पहिलं सुधारता येतं. चांगला प्रशिक्षक एका मोसमात ती सवय मोडतो.

आता कुणाला घ्यायचं ते. येत्या महिन्यात एखादी स्पर्धा आहे, पाच सामने, बाद पद्धत, आणि ती जिंकायचीच आहे, असं असेल तर विंगर घ्या. दोनदा विचार करू नका. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीच्या संघासमोर भरल्या गॅलरीत खेळायचं असेल तरी विंगरच, कारण त्या गर्दीत अंगावर जाणारा गडी लागतो. दोन मोसमांचा विचार असेल, पोराला घडवून वरच्या लीगमध्ये पाठवायचं असेल, तर मधला. जागेचाही फरक आहे. विंगर लवकर बहरतो, मिडफिल्डर आणि बचावपटू उशिरा पिकतात, गोलकीपर त्याहूनही उशिरा. एकोणीसचा विंगर आणि अठराचा मिडफिल्डर यांना एकाच फूटपट्टीनं मोजलं तर मिडफिल्डरवर अन्याय होतो.

माझ्या दोस्ताला यंदा कुठलाही चषक जिंकायचा नाही. त्याला दोन वर्षांत एक पोरगं बेंगळुरू किंवा गोव्याच्या मोठ्या संघात पाठवायचं आहे. म्हणून मी मधल्याचं नाव दिलं, तेही अटीवर. प्रत्येक सामन्यात किमान साठ मिनिटं खेळवायचं, नाहीतर घेऊ नये. बाकावर बसून अंग भरतं, खेळ भरत नाही. जेवणाचा खर्च संघानं उचलायचा, अंडी-दूध रोज. आणि अठरा पूर्ण नसल्यानं करारावर वडिलांची सही, कागद मराठीत समजावून सांगून.

विंगरसाठीही बोललो. कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघात डाव्या बाजूची जागा आहे, तिथं त्याला पहिल्या दिवसापासून मिनिटं मिळतील. जाण्याआधी मांडी दाखवायला मी त्याला सोमवारी फिजिओकडं घेऊन जाणार आहे. त्याच्या आईनं फोनवर दोनदा विचारलं, गाडी किती वाजता सुटायची म्हणून.