पायडल खाली जातंय? आधी मागचा ड्रम उघडायला लावा

अप्पांची 2002 सालची छोटी गाडी आता मी चालवते. गाडीचं नाव देत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ब्रेक पुढं डिस्कचे, मागं ड्रमचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दाबणारे. पावसाळा संपता संपता ब्रेकचं पायडल पहिल्या दाबाला निम्म्याच्या खाली जायला लागलं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं आणि ब्रेक व्यवस्थित लागायचा. गॅरेजवाल्याला मी हे अगदी असंच सांगितलं होतं. काम येणाऱ्या माणसाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

त्यानं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, मास्टर सिलिंडर गेलाय. असंच चालवलं तर कधीही ब्रेक फेल." मास्टर सिलिंडर म्हणजे पायडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडं ढकलणारा भाग. ब्रेक फेल म्हटल्यावर कोण घासाघीस करणार? 3,200 रुपये दिले. संध्याकाळी त्यानं बसवलेला चकचकीत चंदेरी सिलिंडर दाखवला. जुना मागितला, तर म्हणाला भंगारात गेला.

दोन दिवसांत पायडल होतं तिथंच. मग त्यानं सांगितलं की मागचे लायनर (ड्रमला घासणारा थर) आणि व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबानं ते ड्रमवर ढकलणारे) संपलेत. 4,100 रुपये. चार दिवस बरं चाललं आणि मग पायडल पहिल्यापेक्षाही खाली जायला लागलं. तिसऱ्या खेपेला बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, निघाला, 6,500 चा. एवढे पैसे आत्ता नाहीत म्हटल्यावर त्यानं "तात्पुरतं करून देतो" म्हणून गाडीखाली दहा मिनिटं काहीतरी केलं आणि 300 घेतले. पायडल एकदम वर आलं. मला बरं वाटलं, हे इथं लिहायलाच हवं, कारण फसवणूक नेमकी तिथं होती.

त्याच रविवारी आईला घेऊन जोतिबाला गेले. चढताना गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ओढत होती. वर उभी केली तर जळका वास, आणि मागच्या चाकाजवळ हात धरवेना. दर्शन घेऊन उतरताना दुसऱ्याच वळणावर पायडल पार खाली गेलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, मग पहिल्यात टाकली आणि इंजिनावर रोखत डोंगर उतरले. आई गुलालाची पुडी मुठीत आवळून बसली होती. पायथ्याला येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी हँडब्रेक ओढला. पूर्वी तो सहाव्या टकटकीला धरायचा, आता दुसऱ्याच टकटकीला घट्ट. "केबल ताणून ठेवलीया ताई. म्हणून पायडल वर दिसतंय. शू कायम ड्रमला घासत्यात." शू म्हणजे ड्रमच्या आतले, लायनर चिकटवलेले अर्धगोल तुकडे. ड्रम बिडाचा असतो, तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. जोतिबाच्या उतारावर पायडल का गेलं, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

केबल सैल करून त्यांनी एकाच बाजूचा ड्रम काढला. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत, म्हणाले, एक उघडली की अडलं तर दुसरी बघून जोडता येते. दोन शूंच्या मध्ये बोटाएवढा स्क्रू आणि त्यावर दातेरी चाक होतं, तोच अ‍ॅडजस्टर. लायनर झिजून अंतर वाढलं की ब्रेक दाबताना एक छोटी पट्टी त्या चाकाचा एक दात पुढं ढकलते, स्क्रू थोडा लांबतो आणि शू परत ड्रमजवळ येतात. काही गाड्यांत हे रिव्हर्समध्ये ब्रेक दाबल्यावर होतं, काहींत हँडब्रेक ओढल्यावर. पाणी आणि लायनरची भुकटी बसून हा स्क्रू गंजून धरला की आपोआप होणारं काम थांबतं. माझं मूळ दुखणं तेवढंच होतं. साफ करून, आट्यांना जरासं ग्रीस लावून भागलं असतं.

पण लायनर बदलताना त्या गॅरेजवाल्यानं दोन्ही बाजू एकदम खोलल्या, अ‍ॅडजस्टर मोकळे केले आणि डावा उजवीकडं, उजवा डावीकडं बसवला. माझ्या गाडीत एका बाजूचे आटे डावे, दुसऱ्या बाजूचे उजवे आहेत. अदलाबदल झाली की प्रत्येक दाबाला स्क्रू लांबायच्या ऐवजी आखडतो. म्हणून पायडल चार दिवसांत आणखी खाली गेलं. चूक कुणाचीही होते. त्यानं ती केबल ताणून झाकली आणि वर बूस्टर विकायला निघाला, हे मी माफ करू शकत नाही.

मिस्त्रींनी मग मास्टर सिलिंडरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक ओढलं. चंदेरी रंगाची साल निघाली आणि खाली जुना काळपट धातू दिसला. एका खाचेत तर मातीच्या कणांवरूनच रंग मारला होता. 3,200 रुपये त्या रंगाचे.

पैसे द्यायच्या आधी तुम्हाला स्वतःला या गोष्टी बघता येतात. गाडी उभी करून हँडब्रेक एक-दोन टकटक ओढा आणि पायडल दाबा. ते लगेच वर आलं तर मागचे शू लांब आहेत. पायडल दाबून तसंच धरल्यावर हळूहळू खाली सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडरचा संशय घ्या, आधी कुठं गळती आहे का ते बघून. स्पंजासारखं लागलं तर ब्रेकच्या तेलात हवा शिरली आहे. बूस्टरसाठी इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा दाबा, मग पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पायडल थोडं खाली बसलं तर बूस्टर चालू आहे. "बूस्टर गेला की पायडल दगडागत घट्ट हुतंय, तुमचं तर खाली चाललंय," मिस्त्री म्हणाले. एवढी एक ओळ मला आधी माहीत असती तर!

जुना भाग डिकीत ठेवायला आधीच सांगा. आणि पक्कं बिल घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मी लावला, पण माझ्याकडं सही-शिक्क्याविना एक चिठ्ठी होती, तीवर फक्त "ब्रेक काम" आणि आकडा. गॅरेजवाल्याला विचारायला गेले तर तो म्हणाला, दुसऱ्यानं हात लावलाय, आता माझी जबाबदारी नाही. 7,600 रुपये गेले ते गेले.

मिस्त्रींनी अ‍ॅडजस्टर आपापल्या बाजूला बसवले, झिजलेली एक पट्टी बदलली आणि 850 रुपयांचं बिल दिलं. हँडब्रेक आता पुन्हा सहाव्या टकटकीला धरतो. आई अजून गाडीत बसली की आधी तो ओढून बघायला लावते.