व्हिसावर 'व्हिजिट' लिहिलेलं होतं, तेव्हाच थांबायला हवं होतं

आमच्या घरातल्या एकाच्या आखाती नोकरीसाठी एजंटला 1,40,000 रुपये गेले. 'फाइल'चे 15,000, मेडिकल आणि व्हिसाचे 55,000, तिकिटाच्या दोन दिवस आधी 70,000. सगळे रोख, पावती एकाचीही नाही. कायद्याने परवानाधारक एजंट जास्तीत जास्त 30,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 घेऊ शकतो, तेही पावती देऊनच. हे पैसे भरल्यावर कळलं.

व्हिसाचा कागद हातात आला तेव्हा त्यावर स्पष्ट 'व्हिजिट' होतं. संताप येतो तो याचाच. "तिथे उतरल्यावर कंपनी बदलून देते, सगळे असेच जातात," असं एजंट म्हणाला आणि ते पटलं. पटणारच, कारण गावातले चार जण खरोखर तसेच गेले होते. मेख अशी आहे की दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक असा शेरा. आखातातल्या सहा देशांसह 18 देशांत नोकरीच्या व्हिसावर जायचं तर त्याला उत्प्रवास संरक्षकांची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. बिनपरवाना माणसाला ती काढताच येत नाही, म्हणून तो पर्यटक बनवून पाठवतो. मग मंजुरी नाही, नोंदलेला करार नाही, अशा कामगारांसाठी असलेला 10 लाखांचा सरकारी 'प्रवासी भारतीय विमा'ही नाही. त्या विम्याचा हप्ता दोन वर्षांना फक्त 275 रुपये!

तिथे उतरताच पासपोर्ट काढून घेतला. ठरलेला पगार 1,500 दिरहम, सही करायला पुढे केलेल्या कागदावर 900. डोक्यावर व्याजाचं कर्ज असलेला माणूस सही करतोच, त्याला मूर्ख म्हणू नका.

परवाना क्रमांक दाखवला होता हो, पण दुसऱ्याच कंपनीचा! सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर क्रमांक टाका, परवाना चालू आहे की निलंबित ते पाहा, आणि तिथला पत्ता आपण बसलोय त्याच ऑफिसचा आहे का तेही जुळवा. परदेशातल्या मालकाचं मागणीपत्र (किती माणसं, कुठल्या कामाला हवीत ते) आणि एजंटला भरतीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र मागा. खऱ्या एजंटकडे दोन्ही असतात.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा." दुसऱ्या खेपेला, "केंद्राची परवानगी लागते." साफ खोटं. 1983 च्या उत्प्रवास कायद्यात कलम 10 नोंदणीशिवाय भरती करायला बंदी घालतं, कलम 24 खालचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो स्वतः नोंदवून तपास करता येतो, आणि फसलेल्या माणसाने स्वतः तक्रार केली तर कलम 27 मधली केंद्राची पूर्वपरवानगी लागत नाही. हे फसलेल्याने ठाणे अंमलदाराला शिकवायचं? आणि शिक्षा किती, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड 2,000 रुपयांपर्यंत. एका माणसामागे लाखभर कमावणाऱ्याला दोन हजार!

रोख देऊ नका. यूपीआय किंवा चेकनेच द्या, नाही म्हणाला तर उठून या. कराराचा फोटो निघण्याआधी घरी ठेवा. पासपोर्ट अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार टाकता येते. आमची टाकायला तीन आठवडे उशीर झाला, कारण ठाण्यात कुणी ते सांगितलंच नाही.