गिरणारेला स्विमिंग पूल बांधताना ठेकेदाराने फसवलं, हॉलो ब्लॉकमध्ये बांधणाऱ्यांनी नक्की वाचा

नाशिकजवळ गिरणारेला आमची थोडी जागा आहे, तिथे पोरांसाठी २० बाय १० फुटांचा, ४ फूट खोल पोहायचा पूल बांधायचा होता. आरसीसीचं बजेट नव्हतं म्हणून हॉलो ब्लॉकमध्ये, म्हणजे आत आरपार होल असलेल्या सिमेंटच्या ब्लॉकमध्ये करायचं ठरवलं, आणि एका ठेकेदाराने मालासकट ३ लाख ४० हजार सांगितले, बाकीच्यांपेक्षा बरेच कमी, तिथेच मी भुललो. प्रत्येक होलात १० एमएमची उभी सळई आणि सगळे होल काँक्रीटने भरून देतो असं बोलला, सगळं तोंडीच.

मी नाशिकरोडला नोकरीला, साइटवर जाणं फक्त रविवारी. होल भरायचं काम त्याने बुधवारी काढलं आणि रविवारी मी पोचायच्या आत गुरुवारीच प्लास्टर मारून मोकळा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले त्यात वरचा थर मस्त काँक्रीटचा दिसत होता, म्हणून मी २ लाख ८० हजार देऊन टाकले.

पाणी भरलं, साधारण साडेबावीस हजार लिटर, १० हजारचे दोन टँकर आणि वरचं बोअरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वीतभर खाली. ऊन कितीही असलं तरी एका रात्रीत एवढं उडत नाही हो. तो म्हणे नवीन प्लास्टर पाणी पितं. आठवड्यात कोपऱ्याला उभी चीर, बोट जाईल एवढी.

मग ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून भिंत फोडली. वर चार इंच काँक्रीट आणि खाली नुसतं डबर, माती, सिमेंटच्या गोणीचे तुकडे. सळई मी हाताने उपसून काढली, ती पण ८ एमएमची आणि चार होल सोडून एक. हॉलो ब्लॉकच्या भिंतीची खरी ताकद त्या सळईत आणि आतल्या काँक्रीटमध्येच असते, त्यात आमची काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पूल रिकामा असला की बाहेरूनच दाबते.

होल भरायच्या दिवशी सुट्टी टाका पण समोर उभे राहा, प्लास्टरआधी भिंत हातोडीने ठोकून बघा, पोकळ असली की बद्द आवाज लगेच कळतो. सळई उतरली की वजन करा, १२ मीटरची १० एमएम जवळपास ७.४ किलो भरते, ८ एमएम पावणेपाचच्या आत. टाइल्सच्या आधी पाणी भरून आठवडाभर ठेवा आणि शेवटचा मोठा हप्ता त्यानंतरच द्या.

ठेकेदाराचा फोन महिन्यापासून बंद आहे. तीन भिंती पाडायच्या आहेत, त्या आता पावसाआधी पाडतोय.